ऑपरेशनची तारीख तुम्ही ठरवा, भादव्याला ठरवू देऊ नका!

कुत्र्याची नसबंदी करायची का, आणि करायची तर कधी? संभाजीनगरच्या श्वानपालकांसाठी मजेशीर आणि कामाच्या गोष्टी

छत्रपती संभाजीनगरात संध्याकाळी सिडकोच्या कुठल्याही सेक्टरमधून एक चक्कर मारा. पट्ट्याला ओढ देणारा लॅब्रॅडॉर भेटेल, कडेवरून खाली उतरायला तयार नसलेला शिह त्झू भेटेल, गारखेड्याच्या गल्लीतून उचलून आणलेली आणि आता घराची लाडकी झालेली राणीही भेटेल. दोन श्वानपालक बोलायला थांबले की लसीनंतरचा प्रश्न ठरलेला असतो, "ऑपरेशन केलं का हो तुमच्याकडच्याचं?" मग सल्ले सुरू होतात. एक जण म्हणतो, सहा महिन्यांत उरकून टाका. दुसरा म्हणतो, एकदा तरी पिल्लं होऊ द्या. तिसरा म्हणतो, निसर्गाच्या कामात हात कशाला घालायचा?

खरं उत्तर या तिन्हींपेक्षा रंजक आहे. नर की मादी, वजन किती, जात कोणती, अंगणाला फाटक आहे का, यावर ते बदलतं. चला तर मग, एकेक गोष्ट बघू.

भादव्याचं गणित पक्कं आहे

भाद्रपद हा कुत्र्यांचा हंगाम, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. जयपूरमध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या शस्त्रक्रियांच्या अनेक वर्षांच्या नोंदी पशुवैद्यांनी तपासल्या, तेव्हा तेच दिसलं. गाभण माद्यांचं प्रमाण सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात सर्वांत जास्त होतं. भाद्रपदात जोड लागली की साधारण ६३ दिवसांनी, म्हणजे कार्तिकात, गल्लीत पिल्लं. घरातली मादी मात्र या पंचांगाला बांधलेली नसते, ती वर्षात कधीही माजावर येऊ शकते. पण ती नेमकी भादव्यात आली, तर फाटकाबाहेर नरांची रांग लागलीच समजा. म्हणून ऑपरेशनचा निर्णय भादवा लागायच्या आत झालेला बरा.

पहिला माज: कुणाचा सहाव्या महिन्यात, कुणाचा दुसऱ्या वर्षी

पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातीची मादी सहा महिन्यांच्या आसपास पहिल्यांदा माजावर येते. मोठ्या जातींना वर्ष लागतं, फार मोठ्या जातींना कधी दीड-दोन वर्षंही. त्यानंतर साधारण दर सहा-सात महिन्यांनी हा फेरा येत राहतो. कुत्र्याची नातेवाईक लांडगी मात्र वर्षातून एकदाच माजावर येते. आफ्रिकेची बासेंजी आणि तिबेटी मॅस्टिफ या जाती आजही लांडग्यांचाच नियम पाळतात. माणसाच्या चुलीजवळ राहायला आलेल्या बाकी कुत्र्यांचा वेग मात्र दुप्पट झाला!

रक्त थांबलं म्हणजे धोका टळला? उलट, तो आता सुरू झाला

सर्वांत जास्त घरं इथेच फसतात. माजाचे पहिले नऊएक दिवस सूज येते, रक्त जातं, पण मादी नराला जवळ येऊ देत नाही. रक्त फिकट होतं, कमी होतं, घरच्यांना वाटतं संपलं एकदाचं, आणि नेमके त्यानंतरचे आठ-दहा दिवस ती गाभण राहण्याचे असतात. भर म्हणजे कुत्रीचं बीज बाहेर पडतं तेव्हा कच्चं असतं आणि पिकायला दोन-तीन दिवस घेतं. नराचे शुक्राणू तिच्या शरीरात आठवडाभर टिकू शकतात. त्यामुळे सोमवारी घडलेल्या भेटीचा परिणाम शुक्रवारी ठरू शकतो. ऑपरेशन झालेलं नसेल, तर पूर्ण तीन आठवडे पट्ट्याशिवाय बाहेर नाही, गच्चीवर एकटी नाही, फाटक उघडं नाही.

एकाच वेताचे दोन बाप

एकाच वेतात एक पिल्लू काळं, एक तांबूस आणि एक ठिपक्यांचं का निघतं? कधीकधी त्याचं कारण असं की बाप खरोखरच वेगळे असतात. माजाच्या काळात मादी दोन-तीन नरांकडून गाभण राहू शकते आणि प्रत्येक पिल्लाचा बाप निराळा असू शकतो. आणखी एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट: कुत्र्यांना भाऊ-बहीण, आई-मुलगा असं नातं अडवत नाही. एकाच वेतातली जोडी घरी आणली असेल, तर दोघांपैकी एकाचं तरी ऑपरेशन पहिल्या माजाआधी झालेलं असावं.

एका वेळी २४ पिल्लं!

हा जागतिक विक्रम आहे. २००४ साली इंग्लंडमध्ये टिया नावाच्या निओपॉलिटन मॅस्टिफ मादीने एकाच बाळंतपणात २४ पिल्लांना जन्म दिला. आपल्याकडच्या गल्लीतल्या मादीला साधारण पाच-सहा पिल्लं होतात. पण पुढचा आकडा काळजाला लागणारा आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेच्या संशोधकांनी रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांचा मागोवा घेतला. सात महिन्यांपर्यंत त्यातली जेमतेम १९ टक्के जगली, आणि बहुतेक मृत्यूंमागे कुठे ना कुठे माणसाचा हात होता. "होतील पिल्लं, देऊ कुणाला तरी" असं म्हणणाऱ्याने हा आकडा एकदा मोठ्याने वाचावा.

कुत्रीची पाळी म्हातारपणीही जात नाही

बाईला रजोनिवृत्ती येते, कुत्रीला येत नाही. वय झालं की दोन माजांमधलं अंतर वाढतं, पण फेरा थांबत नाही. प्रत्येक फेऱ्यात गर्भाशयावर संप्रेरकांचा मारा होत राहतो, मग ती गाभण राहो वा न राहो. काही माद्यांना तर माजानंतर दीड-दोन महिन्यांनी खोटं गर्भारपणही येतं. पोटात पिल्लू नसताना दूध उतरतं, कोपऱ्यात गुहा केली जाते, खेळण्याला कुशीत घेतलं जातं. हा तिचा वेडेपणा नव्हे, संप्रेरकांचा खेळ आहे. अशा काळात ऑपरेशन करू नये, दूध आटेपर्यंत थांबावं.

पायोमेट्रा: नाव लक्षात ठेवा, जीव वाचेल

गर्भाशयात पू साठण्याच्या या आजाराविषयी स्वीडनमधून चांगली माहिती मिळाली, कारण तिथे माद्यांची सरसकट नसबंदी करत नसत. विमा उतरवलेल्या हजारो कुत्र्यांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं की दहाव्या वर्षापर्यंत जवळपास दर चौथ्या मादीला हा आजार झाला होता. तो बहुधा माजानंतर महिना-दोन महिन्यांत येतो. खूप पाणी पिणं, वारंवार लघवी, जेवण टाकणं, सुस्ती, कधी मागून घाण वासाचा स्राव. कधी मात्र स्राव बाहेर येतच नाही, आणि तोच प्रकार जास्त घातक. वाट बघायची नसते, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो. उपाय शेवटी तेच ऑपरेशन, फक्त आता ते आजारी, म्हाताऱ्या शरीरावर करावं लागतं. गर्भाशय आणि अंडाशय आधीच काढलेले असतील, तर या आजाराची भीती जवळजवळ संपते.

"एकदा पिल्लं होऊ द्या" याला आधार नाही

एका बाळंतपणाने कुत्री निरोगी होते किंवा शांत होते, असं दाखवणारा पुरावा नाही. उलट १९६९ सालच्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासाने म्हटलं की पहिल्या माजाआधी ऑपरेशन केलं तर ऑपरेशन न झालेल्या मादीच्या तुलनेत स्तनांच्या गाठींचा धोका उरतो ०.५ टक्के, पहिल्या माजानंतर ८ टक्के आणि दुसऱ्यानंतर २६ टक्के. हे आकडे चाळीसहून जास्त वर्षं दवाखान्यांच्या भिंतींवर राहिले. २०१२ साली संशोधकांनी सगळे जुने अभ्यास पुन्हा चाळले आणि सांगितलं की पुरावा वाटतो तितका भक्कम नाही. म्हणजे लवकर ऑपरेशनचा फायदा असू शकतो, पण केवळ या आकड्यांच्या धाकाने घाई करायची गरज नाही.

नराचा हिशेब वेगळा

नराचं ऑपरेशन सोपं, लवकर आटोपणारं. वृषणाचा कर्करोग होण्याचा प्रश्न मिटतो, म्हातारपणी प्रोस्टेट सुजून लघवी-संडासला होणारा त्रास टळतो. मात्र प्रोस्टेटचा कर्करोग यामुळे टळत नाही, तशी हमी कुणी दिली तर मानू नका. एक गोष्ट प्रत्येक मालकाने तपासावी: दोन्ही गोळ्या खाली उतरल्यात का? एखादी पोटातच राहिली असेल, तर तिथे कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो. अशा नराचं ऑपरेशन टाळायचं नाही. आणि हो, ऑपरेशननंतरही नराच्या नळ्यांमध्ये शुक्राणू काही आठवडे उरतात. महिना-सव्वा महिना त्याला माजावरच्या मादीपासून लांबच ठेवा.

हजारो वर्षांचा कर्करोग आणि अंगणातली सदाफुली

कुत्र्यांमध्ये एक कर्करोग असा आहे जो संसर्गाने पसरतो, तोही बहुतेक वेळा समागमातून. पेशी एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातात आणि तिथे वाढू लागतात. जनुकीय अभ्यासाने २०१९ मध्ये अंदाज दिला की ४,००० ते ८,५०० वर्षांपूर्वी आशियातल्या एका कुत्र्यात ही गाठ सुरू झाली. तो कुत्रा केव्हाच गेला, त्याच्या पेशी मात्र आजही जगभर फिरतायत. आपल्याकडच्या मोकाट कुत्र्यांत जननेंद्रियावर रक्त गळणारी, फुलकोबीसारखी गाठ दिसते, ती बहुधा हीच.

आनंदाची बाजू अशी की या गाठीवर व्हिन्क्रिस्टिन नावाचं औषध फार चांगलं लागू पडतं, आणि ते मिळतं सदाफुलीपासून! होय, तुमच्या अंगणातली तीच गुलाबी-पांढरी सदाफुली. (घरी पाला वाटून देऊ नका. औषध शिरेतून, डॉक्टरांच्या हातूनच.) नसबंदी झालेल्या, भटकत नसलेल्या कुत्र्याची या गाठीशी गाठ पडण्याची शक्यता फारच कमी.

सहा महिने हा आकडा सगळ्यांना लागू नाही

आता मुख्य मुद्दा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस संकुलात बेंजामिन हार्ट आणि लिनेट हार्ट यांच्या गटाने वर्षानुवर्षांच्या दवाखान्यातल्या नोंदी जातीनिहाय तपासल्या. २०२० साली ३५ जातींचा निकाल एकत्र आला. सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या गोल्डन रिट्रीव्हरमध्ये सांध्यांचे आजार चार-पाचपट दिसले, लॅब्रॅडॉरमध्ये दुपटीच्या आसपास. जर्मन शेफर्डमध्ये वर्षाच्या आत ऑपरेशन झालं, तर प्रमाण तिपटीच्या घरात गेलं.

कारण समजायला सोपं आहे. लांब हाडांच्या टोकांना वाढीच्या पट्ट्या असतात आणि त्या बंद व्हायचा इशारा लैंगिक संप्रेरकं देतात. इशारा मिळालाच नाही, तर हाडं थोडी जास्त वाढतात आणि गुडघा-खुब्याचा कोन बिघडतो. तीस किलोच्या देहाला तो बिघाड सोसत नाही. म्हणून लॅबच्या नराला सहा महिन्यांनंतर, लॅबच्या मादीला आणि गोल्डनच्या नराला वर्षानंतर, जर्मन शेफर्डला दोन वर्षांनंतर, अशी या गटाची शिफारस आहे. गोल्डनच्या मादीबाबत कर्करोगाचाही प्रश्न निघाला, त्यामुळे तिचा निर्णय डॉक्टरांशी बसून, सावकाश घ्यावा.

छोट्यांना सांध्यांची चिंता कमी

पग, पॉमेरेनियन अशा छोट्या जातींत लवकर ऑपरेशनने सांध्यांचे आजार वाढल्याचं दिसलं नाही. अमेरिकी पशुरुग्णालयांच्या संघटनेने २०१९ मध्ये ढोबळ रेषा आखली: मोठेपणी २० किलोपेक्षा कमी भरणारा नर सहा महिन्यांचा झाला की, आणि मादी पहिल्या माजाआधी, म्हणजे पाच-सहा महिन्यांत. मोठ्या जातीच्या नराला वाढ थांबल्यावर, नऊ ते पंधरा महिन्यांत. मोठ्या जातीच्या मादीसाठी पाच ते पंधरा महिन्यांची खिडकी ठेवली, कारण तिथे गाठींचा आणि सांध्यांचा धोका एकमेकांविरुद्ध तोलावा लागतो.

दोन छोट्या अपवादांची नोंद ठेवा: बोस्टन टेरियर आणि आपल्याकडे घरोघरी दिसणारा शिह त्झू. या दोन जातींत ऑपरेशननंतर काही कर्करोगांचं प्रमाण वाढलेलं आढळलं. आणि पगच्या चपट्या नाकामुळे भूल देताना जास्त काळजी लागते, तेव्हा अनुभवी हात शोधा.

कारवान आणि पश्मी: आपले शिकारी, आपला विचार

मराठवाड्यात कारवान आणि लांब केसांचे पश्मी शेतावर, वस्तीवर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले गेले. त्यांच्या जवळच्या मुधोळ हाउंडवर तर ९ जानेवारी २००५ रोजी भारतीय टपाल खात्याने तिकीट काढलं. हार्ट यांच्या ३५ जातींत आपले कारवान नाहीत. पण उंच, लांब पायांचं, धावणारं जनावर आहे, तेव्हा त्यांना मोठ्या जातींच्या रांगेत धरून वाढ पूर्ण होईपर्यंत थांबणं शहाणपणाचं. अंगावर चरबी नसलेल्या अशा शिकारी जातींना भुलीच्या काही औषधांतून बाहेर यायला वेळ लागतो, म्हणून डॉक्टरांना जात आवर्जून सांगा.

आणि पिल्लं काढून विकायचीच असतील, तर २०१७ चे श्वान-प्रजनन नियम वाचा. व्यवसाय करणाऱ्याला राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, दीड वर्षाच्या आत मादीला जोड लावता येत नाही, आयुष्यात पाचापेक्षा जास्त वेतं घेता येत नाहीत आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही.

गल्लीतून आणलेल्या राणीचं काय?

देशी कुत्री मध्यम बांध्याची, वीस किलोच्या आतबाहेरची. तिच्यासाठी सहा महिन्यांच्या सुमारास, पहिल्या माजाआधी ऑपरेशन, हे उत्तर बहुतेक वेळा बरोबर ठरतं. शिवाय ती दिवसभर अंगणात, अर्धी घरात आणि अर्धी गल्लीत असेल, तर वाट बघण्यात तिचा फायदा नाही. एक वेत चुकलं की पाच-सहा जीव रस्त्यावर.

ऑपरेशनने राग जातो का?

भटकणं नक्की कमी होतं. १९७६ सालच्या एका अभ्यासात ऑपरेशननंतर दहापैकी नऊ नरांचं मादीच्या शोधात पळणं कमी झालेलं दिसलं. बीड बायपाससारखा वाहता रस्ता घराजवळ असेल, तर एवढं एक कारणही पुरेसं आहे. दुसऱ्या नरांशी मारामारी, जागोजागी तंगडी वर करणं, अंगावर चढणं यातही बऱ्याच कुत्र्यांत फरक पडतो. पण भीतीपोटी गुरगुरणारा कुत्रा ऑपरेशनने धीट होत नाही, कधी जास्त बुजतोही. त्याला शिकवण लागते, माणसांची सवय लागते. 

"ऑपरेशन केलं की कुत्रा फुगतो"

फुगतो, पण खाण्याने. ऑपरेशननंतर शरीराची गरज साधारण २५ ते ३० टक्क्यांनी कमी होते आणि भूक मात्र वाढते. ताटातला घास थोडा कमी करा, फेरी थोडी वाढवा, महिन्यातून एकदा वजन करा. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसायला नकोत. ही एक खूण पुरते.

आयुष्य वाढतं का?

जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ४० हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मृत्यूच्या नोंदी अभ्यासल्या. नसबंदी झालेल्या नरांचं आयुष्य सुमारे १४ टक्क्यांनी आणि माद्यांचं २६ टक्क्यांनी जास्त निघालं. ऑपरेशन झालेले कुत्रे संसर्गाने आणि अपघाताने कमी दगावले, तर काही प्रकारच्या कर्करोगाने जास्त. ज्या घरात ऑपरेशन होतं, तिथे बाकीची काळजीही जास्त घेतली जात असेल, हेही ध्यानात घ्यावं. तरी कल स्पष्ट आहे.

नॉर्वेत मात्र कारण द्यावं लागतं

सगळं जग एकाच दिशेने चालत नाही. नॉर्वेच्या प्राणिकल्याण कायद्यानुसार योग्य कारणाशिवाय प्राण्याचा अवयव काढता येत नाही, त्यामुळे तिथे सरसकट नसबंदी होत नाही. पण तिथे रस्त्यावर मोकाट कुत्रेही जवळजवळ नाहीत. ऑपरेशनला दुसरी बाजू आहेच. काही माद्यांना, विशेषतः मोठ्या जातींत, पुढे झोपेत लघवी गळण्याचा त्रास होतो. औषधाने तो बहुधा आटोक्यात येतो. दोन्ही बाजू माहीत असलेला मालकच चांगला निर्णय घेतो.

खोट्या गोळ्या आणि खरं बक्षीस

अमेरिकेतल्या ग्रेग मिलर यांनी नर कुत्र्यांसाठी कृत्रिम वृषणं बनवली. ऑपरेशननंतर कुत्रा पूर्वीसारखाच दिसावा म्हणून! या 'न्यूटिकल्स'बद्दल त्यांना २००५ मध्ये वैद्यकशास्त्राचं इग नोबेल मिळालं. दुसरीकडे डॉ. गॅरी मायकेलसन यांनी २००८ मध्ये अडीच कोटी डॉलरचं बक्षीस लावलं: एकाच डोसात, चिरफाडीशिवाय, कुत्र्या-मांजरांची कायमची नसबंदी करणारं औषध शोधा. ते बक्षीस अजून कुणाला जिंकता आलेलं नाही. तोवर टाक्यांना पर्याय नाही.

मुंबईची दंगल, जयपूरचा धडा, भूतानचा पराक्रम

जून १८३२ मध्ये मुंबईत कुत्र्यांवरून दंगल झाली. इंग्रज सरकारने मोकाट कुत्रे मारायला बक्षीस लावलं, शिपाई पैशांसाठी घराघरातले कुत्रेही ओढू लागले आणि पारशी समाज रस्त्यावर उतरला. कुत्रे मारणं त्यानंतरही दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू राहिलं, पण मुंबईतले कुत्रे काही संपले नाहीत.

जयपूरने १९९४ ते २००२ या काळात सुमारे २५ हजार कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण केलं. कामाच्या भागात ६५ टक्के माद्यांचं ऑपरेशन झालं, कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली आणि तिथली माणसांमधली रेबीजची नोंद शून्यावर आली. भूतानने तर ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केलं की देशातल्या सगळ्या मोकाट कुत्र्यांची नसबंदी झाली, दीड लाखाहून अधिक कुत्रे! असं करणारा तो पहिला देश.

कानाला खाच दिसली की समजा

रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाच्या टोकाला खाच दिसते ना? ती मारामारीची जखम नाही. भूल असतानाच लावलेली ती नसबंदीची खूण आहे. मार्च २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लस ही महापालिकेची जबाबदारी, आणि पाळीव कुत्र्याचं जंतनाशक, लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी सांगितलं की नसबंदी आणि लस झालेले कुत्रे उचलल्या जागीच सोडावेत. पिसाळलेले आणि आक्रमक कुत्रे याला अपवाद. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांचं आवार त्यातून वगळलं, म्हणजे तिथून उचललेले कुत्रे परत तिथे सोडायचे नाहीत. तुमच्या गल्लीत खाच नसलेली मादी दिसली, तर महापालिकेला कळवा. आणि कुणाला कुत्रा चावला, तर जखम पंधरा मिनिटं साबणाच्या पाण्याने धुऊन थेट घाटी रुग्णालय गाठा.

ऑपरेशनचा आठवडा

आपल्याकडे गोचीड ताप फार. त्यात रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात आणि रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून आधी रक्ताची तपासणी करून घ्याच. मादी नुकतीच माजावर येऊन गेली असेल, तर दोन-तीन महिने थांबा, कारण तेव्हा रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा, पाण्याचं डॉक्टर सांगतील तसं. नंतर गळ्यात कोन घाला. दोन दिवस तो भिंतीला आपटेल, वाईट वाटेल, पण काढू नका. चाटून उघडलेले टाके पुन्हा घालायला पुन्हा भूल लागते. दहा ते चौदा दिवस उड्या नाहीत, आंघोळ नाही. आपला एप्रिल-मे चाळिशी ओलांडतो, तेव्हा शक्य असेल तर थंडीचे दिवस निवडा. शहरात खडकेश्वरला सरकारी जनावरांचा दवाखाना आहे. खासगी दवाखान्यात जाणार असाल, तर भूल कोणती, रात्री अडचण आली तर फोन कुणाला करायचा, हे आधीच विचारून ठेवा.

एका नजरेत

गल्लीतली देशी मादी किंवा नर: सहा महिन्यांच्या सुमारास.
पग, पॉमेरेनियन: सहा महिन्यांच्या सुमारास, मादीचं पहिल्या माजाआधी.
शिह त्झू: डॉक्टरांशी जातीनुसार बोलून.
लॅब्रॅडॉर: नर सहा महिन्यांनंतर, मादी वर्षानंतर.
गोल्डन: नर वर्षानंतर, मादीचा निर्णय डॉक्टरांसोबत.
जर्मन शेफर्ड: दोन वर्षांनंतर.
कारवान, पश्मी: वाढ पूर्ण झाल्यावर.
थांबायचं ठरवलंत, तर: मादीच्या प्रत्येक माजात तीन आठवडे कडक पहारा.

साताऱ्याच्या डोंगरातला आपला खंडोबा कुत्र्याला सोबत घेऊन चालतो, दत्ताच्या पायाशी चार कुत्रे बसतात. कुत्र्याला इतकं जवळ मानणाऱ्या आपल्या शहरात एकही पिल्लू नको असताना जन्माला येऊ नये. म्हणून आज एवढंच करा: कुत्र्याचं वय आणि वजन एका कागदावर लिहा, मादी असेल तर शेवटच्या माजाची तारीखही लिहा, आणि या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन ऑपरेशनचा महिना ठरवून या.